उन्हात वितळणाऱ्या रबरापायी त्याने संसार पणाला लावला. आज टायरवर त्याचं नाव आहे, पण तो कर्जातच मेला

सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा लागतं. येडेश्वरी देवीचं गाव. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता इथल्या कुठल्याही पंक्चरच्या दुकानासमोर नजर टाका. ट्रकची टायरं उतरवलेली, कुणाचं रिमोल्ड सुटलेलं, कुणाची ट्यूब जोडावर उसवलेली. जुनं टायर हातात घेतलं तर त्याच्या कडेला बारीक बारीक भेगा दिसतात. आपण म्हणतो, टायर उन्हानं खाल्लं.

ट्रकचं टायर असो, ऊसतोडीची टायरगाडी असो, गिरणीचा पट्टा असो नाहीतर मोटारीचं वायसर असो. रबराचा खरा शत्रू एकच, उष्णता. नुसतं ऊन नाही, टायर फिरताना आतून जी गरमी तयार होते ती सुद्धा. वर्षानुवर्षं गरमी खाऊन रबर कडक होतं, तडकतं, ताकद सोडतं. याला रबर उद्योगात हीट एजिंग म्हणतात. साध्या मराठीत, गरमीने येणारं म्हातारपण.

आता गंमत बघा. जे रबर आज आठ-दहा वर्षांनी म्हातारं होतं, ते एकेकाळी एका उन्हाळ्यात मरायचं. अक्षरशः वितळून चिखल व्हायचं आणि घाण वास मारायचं. ते एका उन्हाळ्यातून दुसऱ्या उन्हाळ्यात नेण्यासाठी एका माणसाने स्वतःचं घर, पैसा, तब्येत, पोरांच्या शाळेची पुस्तकं, सगळं घालवलं.

त्याचं नाव चार्ल्स गुडइयर.

नाव ओळखीचं वाटलं ना? टायरच्या कंपनीचं आहे म्हणून. पण ती कंपनी त्याची नव्हती. ती निघाली १८९८ साली, म्हणजे तो मेल्यावर ३८ वर्षांनी. तिचा आणि त्याच्या घराण्याचा काडीचा संबंध नाही. कंपनीवाल्यांनी त्याच्या सन्मानार्थ नाव दिलं, एवढंच.

मग हा माणूस नेमका कोण होता आणि त्याने असं काय केलं?

हार्डवेअरवाल्याचं पोरगं

२९ डिसेंबर १८०० ला अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन गावात त्याचा जन्म झाला. वडिलांचं नाव अमासा गुडइयर. धंदा बटणं, शेतीची अवजारं असल्या वस्तू बनवायचा. पोरगं वयात आल्यावर फिलाडेल्फियाला जाऊन हार्डवेअरचा धंदा शिकून आलं आणि १८२१ मध्ये वडिलांसोबत भागीदारीत बसलं. १८२४ ला क्लॅरिसा बीचर हिच्याशी लग्न झालं. १८२६ मध्ये फिलाडेल्फियात त्याने स्वतःचं दुकान टाकलं.

सुरुवातीला दुकान चांगलं चाललं. पण उधारीवर माल देण्याची सवय नडली. १८३० च्या आसपास धंदा बुडाला. तेव्हाच्या अमेरिकेत कर्ज फेडता आलं नाही तर सरळ तुरुंगात टाकायचे. चार्ल्स गुडइयर कर्जापायी पहिल्यांदा आत गेला तो तिशीत, आणि पुढे आयुष्यभर आत-बाहेर करत राहिला.

शाळेत रसायनशास्त्र शिकलेला नाही, प्रयोगशाळा नाही, खिशात दमडी नाही. असा माणूस रबराच्या नादी लागला कसा?

दुकानाच्या मागच्या खोलीतलं गुपित

१८३० च्या दशकात अमेरिकेत रबराची लाट आली होती. दक्षिण अमेरिकेतल्या झाडाचा हा चीक. पाणी आत जाऊ देत नाही, ताणला की परत जागेवर येतो. लोकांना वाटलं, आता यातून सोनं निघणार. बूट, कोट, गाडीची छतं, सगळं रबराचं निघायला लागलं. इंग्रज त्याला इंडिया रबर म्हणायचे. त्यातला इंडिया म्हणजे आपला देश नाही, तर अमेरिकेतले मूळ रहिवासी. आणि रबर शब्द आला घासण्यावरून, कारण त्याने पेन्सिलीचं लिहिलेलं पुसता यायचं. आपल्या खोडरबरात तो पहिला उपयोग अजून जिवंत आहे.

तर झालं असं की, १८३४ मध्ये गुडइयर न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात गेला. तिथे पाण्यात तरंगायचा रबरी पट्टा त्याने पाहिला. त्याची हवा भरायची झडप त्याला फालतू वाटली. घरी येऊन त्याने सुधारलेली झडप बनवली आणि ती घेऊन परत दुकानात गेला.

मॅनेजर म्हणाला ते ऐकून त्याचे डोळे उघडले. झडप सुधारून उपयोग नाही, सुधारायचं असेल तर रबर सुधार. कारण कंपनीने विकलेला माल उन्हाळ्यात वितळून परत येत होता. गोळा होऊन बसलेल्या बुटांचा वास इतका घाण, की हजारो डॉलरचा माल खड्डा खणून पुरावा लागला होता. हिवाळ्यात उलटी तऱ्हा. तेच रबर दगडासारखं कडक होऊन तडकायचं.

लाट ओसरली, कंपन्या बुडाल्या, पैसे लावणारे पळाले. शहाणा माणूस अशा धंद्यापासून चार हात लांब राहिला असता. गुडइयर नेमका तेव्हाच आत शिरला.

फिलाडेल्फियाला परत आला आणि जुन्या कर्जासाठी पुन्हा तुरुंगात गेला. तिथे त्याने बायकोकडून रबराचा कच्चा गोळा आणि पोळ्या लाटायचं लाटणं मागवलं. कोठडीत बसून रबर मळायला सुरुवात केली. त्याच्या संशोधनाची पहिली प्रयोगशाळा ही.

रबरात पीठ घातलं तर?

गुडइयरचा पहिला विचार अगदी स्वयंपाकघरातला होता. कणीक हाताला चिकटली तर आपण काय करतो? कोरडं पीठ लावतो. रबर चिकट आहे, तर त्यात कोरडी पूड मळून बघू. त्याने मॅग्नेशिया नावाची पांढरी पूड घेतली आणि रबरात मळली. चिकटपणा गेला. रबर पांढरं, गुळगुळीत, कोरडं दिसायला लागलं.

इथे थांबा, कारण इथेच आपल्या विषयाची गाठ आहे. रबरात जी पूड मिसळतात तिला आज फिलर म्हणतात. फिलर म्हणजे भर. गुडइयर नकळत जगातल्या सुरुवातीच्या फिलरवाल्यांपैकी एक झाला होता.

एका मित्राने पैसे दिले. न्यू हेवनच्या घरात सगळं कुटुंब कामाला लागलं. स्वयंपाकघरात शेकडो जोड बूट तयार झाले. आणि मग उन्हाळा आला. सगळे बूट वितळले. वासाने शेजारी हैराण झाले. मित्राने पैसे थांबवले.

का वितळले? याचं उत्तर तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आज माहीत आहे.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. उकडलेल्या शेवयांचा गुंता डोळ्यांपुढे आणा. थंड असताना शेवया एकमेकींत अडकून राहतात, गरम झाल्या की घसरतात. मॅग्नेशियाने वरचा चिकटपणा शोषला, पण शेवया एकमेकींना बांधल्या नाहीत. गरमी आली, साखळ्या घसरल्या, बूट बसले.

आपल्याकडची गोधडी घ्या. आत जुन्या कापडाची भर असते, पण गोधडी टिकते ती टाक्यांमुळे. टाके न घालता नुसती भर कोंबली तर एका धुण्यात सगळं गोळा होतं. गुडइयरकडे भर होती, टाका नव्हता.

चुना लावला आणि चुन्यानेच घात केला

दुसरा प्रयत्न चुन्याचा. न्यूयॉर्कला जाऊन त्याने मॅग्नेशिया घातलेलं रबर चुन्याच्या पाण्यात उकळलं. कातड्यासारखा छान गुळगुळीत कपडा तयार झाला. १८३५ च्या प्रदर्शनात वाहवा झाली, पदकही मिळालं. वाटलं, जिंकलो.

पण त्या कापडावर आंबट काहीही पडलं, अगदी थेंबभर, तरी तेवढी जागा पुन्हा चिकट व्हायची. चुना अल्कली, आंबट म्हणजे आम्ल. आम्लाने चुन्याचा असर मारला की खालचं रबर होतं तसंच उघडं पडायचं. ज्या कपड्यावर लिंबाचा थेंब चालत नाही, तो कोण घेणार?

येरमाळ्याच्या वाचकांना इथे एक गोष्ट गमतीची वाटेल. येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हाच पदार्थ बारीक दळून आजही रबराच्या कारखान्यात फिलर म्हणून वापरतात. पायपुसणी, चपलेचे तळवे, होज पाईप, स्वस्तातलं जे जे रबर आहे त्यात तो असतो. १८३५ ला गुडइयरचा चुना फसला, कारण तो एकटा होता. आज चालतो, कारण सोबतीला टाका आहे.

आम्ल, आजारपण आणि बंद कारखान्यातलं घर

पुढचा शोध अपघाताने लागला. एका नमुन्यावरचा ब्राँझचा रंग काढायला गुडइयरने नायट्रिक आम्ल लावलं. नमुना काळा पडला म्हणून फेकून दिला. नंतर आठवण झाली, कचऱ्यातून काढून पाहिला तर पृष्ठभाग एकदम कोरडा आणि मऊ. त्याने यावर १८३७ मध्ये पेटंट घेतलं आणि एका भागीदाराने पैसाही लावला.

पण बंद खोलीत हे वायू हुंगत काम करणं म्हणजे मरणाशी खेळ. एकदा तो गुदमरता गुदमरता वाचला आणि नंतरच्या तापाने जवळपास गेलाच होता. तेवढ्यात १८३७ ची मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, भागीदारही बुडाला.

गुडइयर कुटुंब स्टेटन आयलंडवर एका बंद पडलेल्या रबराच्या कारखान्यात राहायला गेलं. जेवणाला समुद्रातली मासळी. घरातली एकेक वस्तू गहाण पडत होती. त्याला एकूण १२ मुलं झाली, त्यातली सहा लहानपणीच गेली.

आज आपण अशा माणसाला जिद्दी म्हणून डोक्यावर घेतो. पण त्या घरातल्या क्लॅरिसाचा विचार करा. तिचं लाटणं रबरात गेलं, तिची भांडी रसायनात गेली, पोरांच्या शाळेची पुस्तकं विकली गेली. शोध एकाच्या नावावर लागला, किंमत मात्र सगळ्या घराने मोजली.

टपालाच्या पिशव्या

मग तो बोस्टनच्या बाजूला आला. तिथे वोबर्न गावात नथानिएल हेवर्ड नावाचा माणूस भेटला. हेवर्ड रबरात गंधक मिसळायचा आणि ते उन्हात वाळवायचा. त्याने वरचा थर कोरडा व्हायचा. गुडइयरने ती पद्धत विकत घेतली. आता त्याच्याकडे आम्लही होतं आणि गंधकही.

सरकारने टपालाच्या १५० रबरी पिशव्यांचं काम दिलं. पिशव्या झकास झाल्या. त्या एका उबदार खोलीत ठेवून तो महिनाभर बाहेर गेला. परत आला तर पिशव्या वितळून आकार सोडून बसल्या होत्या.

लक्षात घ्या, इथे काय घडलं. आज रबराचा कारखाना नवीन माल विकायच्या आधी हेच मुद्दाम करून बघतो. रबराच्या पट्ट्या भट्टीत ठेवतात. ७० अंश सेल्सियसला सात दिवस, किंवा १०० अंशाला तीन दिवस, जसा माल तसं. बाहेर काढून बघतात की ताकद किती उरली, ताण किती सोसतो, कडकपणा किती वाढला. वर्षांचं म्हातारपण काही दिवसांत आणून बघायचा हा मार्ग. गुडइयरची ही परीक्षा नकळत झाली आणि तो सपशेल नापास झाला.

पण नापास झाल्याने एक गोष्ट कळली. आम्ल आणि ऊन फक्त कातडीवर काम करत होतं. आतलं रबर होतं तसं कच्चंच होतं.

आणि मग तो स्टोव्ह

१८३९ चा हिवाळा. गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा गरम स्टोव्हला लागला. खरं तर गरमीने तो वितळायला हवा होता. उलट तो चामड्यासारखा करपला. आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी होती, जी ना करपली होती ना चिकट राहिली होती. पूर्ण लवचीक, पूर्ण कोरडी. त्याने तुकडा रात्रभर बाहेर थंडीत ठोकून ठेवला. सकाळी तो तसाच लवचीक होता.

ही गोष्ट मसाला लावून बऱ्याच जणांनी सांगितली आहे आणि तिचं सार नशीब फळफळलं असं काढलं जातं. पण गरम तव्यावर रबर सांडणारे आधीही असतील. करपलेल्या तुकड्याच्या कडेची बारीक पट्टी बघायला पाच वर्षं उन्हाळ्याशी मार खाल्लेला माणूस लागतो.

जो शत्रू होता, त्यानेच काम केलं. गरमीने गंधकाचे अणू साखळ्यांमध्ये जाऊन त्यांना बांधून टाकतात. हाच तो टाका. आणि तो फक्त कातडीवर पडत नाही, आरपार पडतो.

पण पट्टी सापडली म्हणजे कृती सापडली असं नाही. किती गरम? किती वेळ? कमी झालं तर कच्चं, जास्त झालं तर कोळसा. गुडइयर रबर पातेल्यात उकळायचा, किटलीच्या वाफेवर टांगायचा, भाकरी भाजून झाल्यावर बायकोच्या भट्टीत घालायचा. लोकांना वाटायचं, याचं डोकं फिरलंय. त्याच काळात त्याचं एक तान्हं मूल गेलं आणि अंत्यविधीलाही पैसे नव्हते.

शेवटी हिशेब बसला. दाबाखालची वाफ, साधारण १३२ अंश सेल्सियस, चार ते सहा तास. मेव्हणा विल्यम डी फॉरेस्ट लोकरीचा कारखानदार होता, त्याने पैसा लावला. १५ जून १८४४ ला अमेरिकन पेटंट क्रमांक ३६३३ मिळालं.

पेटंटमधला तिसरा पदार्थ

शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, रबर अधिक गंधक अधिक उष्णता म्हणजे व्हल्कनायझेशन. पण पेटंटमधली कृती वाचली तर तिथे तीन पदार्थ आहेत. रबर २५ भाग, गंधक ५ भाग आणि सफेदा ७ भाग. सफेदा म्हणजे शिशाचं पांढरं संयुग, तेव्हा रंगात वापरायचे ते.

म्हणजे पहिल्या यशस्वी रबरातही भर होतीच. १०० भाग रबराला २८ भाग सफेदा. आणि हा सफेदा नुसता जागा भरत नव्हता, गंधकाचं काम लवकर उरकायलाही मदत करत होता. मॅग्नेशिया, चुना, सफेदा. पाच वर्षं तो ज्या पुडींच्या मागे होता, त्यातली एक शेवटी कामी आली, पण टाक्यासोबत.

फिलर रबराच्या म्हातारपणाचं काय करतो? याचं उत्तर एका ओळीत नाही, कारण प्रत्येक पूड वेगळी वागते.

कार्बन ब्लॅक घ्या, म्हणजे कारखान्यात बनवलेली अतिबारीक काजळी. सुरुवातीची टायरं पांढुरकी असायची. मिशेलिन कंपनीचा तो गुबगुबीत टायरमाणूस म्हणूनच पांढरा आहे. १९०४ च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाऊन कारखान्यात काजळीने रबर मजबूत होतं हे कळलं आणि पुढच्या काही वर्षांत टायरं काळी झाली. काजळी उन्हातली अतिनील किरणं अडवते आणि टायरची झीज कमालीची कमी करते. पण जास्त भरली तर टायर फिरताना काजळीचे कण एकमेकांवर घासून आतच गरमी तयार होते. म्हणजे जो राखणदार, तोच कधी कधी आग लावतो.

सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची अतिशय बारीक पूड, आतली गरमी कमी करते. पण तिचा पृष्ठभाग गंधकाला मदत करणारी रसायनं स्वतःकडे ओढून घेतो. टाके कमी पडतात. म्हणून तिला रबराशी जोडणारं वेगळं रसायन लागतं.

चिनी मातीचे कण चपटे असतात. कौलं रचल्यासारखे बसले तर हवेतल्या ऑक्सिजनला आत शिरायला वळसा घ्यावा लागतो. ऑक्सिजन हाच गरमीतला खरा कापणारा हात. तो उशिरा पोहोचला की म्हातारपण उशिरा येतं.

चुनखडी स्वस्त, निरुपद्रवी, पण ताकद फारशी देत नाही. आणि कुठल्याही खनिज पुडीत तांबं किंवा मँगनीजचा अंश राहिला, तर तो रबराला विषासारखा. ऑक्सिजनचं काम तो झपाट्याने पुढे नेतो. म्हणून दिसायला सारख्या दोन पांढऱ्या पुडींपैकी एकीचं रबर पाच वर्षं टिकतं आणि दुसरीचं दोन वर्षांत तडकतं.

गरमीत दोन गोष्टी एकदम चालू असतात. काही साखळ्या तुटतात, तिथे रबर लिबलिबीत होतं. काही ठिकाणी नको तेवढे नवे टाके पडतात, तिथे कडक होतं. गोधडी एका कोपऱ्यात उसवते आणि दुसऱ्या कोपऱ्यात ताठ होते, तसं. गुडइयरच्या कृतीत १०० भागाला २० भाग गंधक होतं. आजच्या टायरमध्ये साधारण दोन भाग असतं. जास्तीचं गंधक नंतरही टाके घालत राहतं. त्यामुळे त्याचं रबर वितळायचं थांबलं, पण म्हातारं व्हायचं थांबलं नाही. ते आजही पूर्ण थांबलेलं नाही. आपण फक्त वय वाढवलंय.

जिंकला, पण हाती काय आलं?

पेटंट मिळालं म्हणजे पैसा मिळाला असं वाटेल. झालं उलटं.

पैसा उभा करायला त्याने रबराचे नमुने इंग्लंडला पाठवले होते. त्यातले तुकडे १८४२ मध्ये थॉमस हॅनकॉक नावाच्या मुरलेल्या रबरवाल्याच्या हाती लागले. पृष्ठभागावर त्याला गंधकाची पिवळी पूड दिसली. त्याने स्वतः खटपट करून कृती शोधली आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये इंग्लंडात पेटंटचा अर्ज टाकला. गुडइयर पोहोचला तेव्हा काही आठवड्यांचा उशीर झाला होता. व्हल्कनायझेशन हे नावही इंग्लंडातच पडलं, रोमन अग्निदेव व्हल्कनवरून. १८५५ मध्ये तिथल्या कोर्टात निकाल हॅनकॉकच्या बाजूने लागला.

अमेरिकेत जो तो त्याची कृती चोरत होता. १८५२ ला न्यू जर्सीत गाजलेला इंडिया रबर खटला उभा राहिला. गुडइयरच्या बाजूने डॅनियल वेबस्टर लढले, जे तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. त्यांची फी १५ हजार डॉलर. गुडइयर खटला जिंकला. पण त्याने परवाने फार स्वस्तात वाटले होते आणि हातात आलेला पैसा पुन्हा प्रयोगात आणि दिखाव्यात घालवला.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्याने रबराचं आख्खं दालन उभारलं. फर्निचर, दागिने, शोभेच्या वस्तू, सगळं रबराचं. खर्च ३० हजार डॉलर. १८५५ ला पॅरिसमध्ये त्याहून मोठं. त्यात त्याचं फ्रेंच पेटंट तांत्रिक कारणाने रद्द झालं, उत्पन्न थांबलं, देणेकरी आले. डिसेंबर १८५५ मध्ये त्याला पॅरिसच्या क्लिशी तुरुंगात टाकलं. तिथे असतानाच सम्राट तिसऱ्या नेपोलियनने दिलेला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान त्याच्यापर्यंत पोहोचला. छातीवर पदक, दाराला कुलूप.

क्लॅरिसा १८५३ मध्येच गेली होती. त्याची स्वतःची तब्येत ढासळली होती. सांधे धरलेले, कुबड्यांवर चालायचा. वर्षानुवर्षं शिसं आणि आम्ल उघड्या हातांनी हाताळलेलं शरीर होतं ते. १ जुलै १८६० ला, मरणाच्या दारातल्या मुलीला भेटायला निघालेला असताना, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तो गेला. डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.

मोटारीचं टायर त्याने कधी पाहिलंच नाही. डनलॉपने सायकलसाठी हवेचं टायर काढलं ते १८८८ मध्ये. केरळात रबराची पहिली व्यापारी लागवड १९०२ ला झाली. आज आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा आहेत, नाशिक-नागपूर-वाळूजला टायरचे कारखाने आहेत, पाताळगंगेला कार्बन ब्लॅक तयार होतं. या सगळ्यांच्या मुळाशी वोबर्नच्या स्टोव्हवर करपलेला तो तुकडा आहे.

आता तुमच्या कामाचं

तुमच्या गाडीच्या टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. १५२२ असेल तर टायर २०२२ च्या पंधराव्या आठवड्यात बनलं. नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. नक्षी झिजण्याने जाते, पण म्हातारपण रबराच्या आत येतं. उभ्या गाडीचं टायरही म्हातारं होतं.

हवा कमी असेल तर टायर जास्त दबतं, जास्त दबलं की आतली गरमी वाढते. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की रबर म्हातारं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे मे महिन्यात, भरल्या गाडीत, कमी हवेवर महामार्गाला लागणं म्हणजे टायरला एका दिवसात कित्येक दिवस जगायला लावणं. कडेला भेगा दिसल्या, फुगवटा दिसला, तर पुढचा प्रवास त्या टायरवर करू नका.

आणि रिमोल्ड करताना एक विचारा. वरचा पट्टा नवा असेल, पण खालचा सांगाडा किती उन्हाळे खाल्लेला आहे? टायर फुटतं ते बऱ्याचदा तिथूनच.